अकराचा ओटीपी

"मी चोर न्हाई, अन् अध्यक्षपदही सोडणार न्हाई!" शीतलनं खोका बेबीनंदांच्या टेबलावर आदळला.

ती वडीगोद्रीच्या महिला बचत गटाची अध्यक्ष. पापडांच्या ऑर्डरी घ्यायला गटानं ऑनलाइन मोबाइल मागवला होता. तिनं घरी खोका उघडला, तर आत फरशीचा तुकडा! कंपनी म्हणाली, ओटीपी दिला म्हणजे माल मिळाला. गटातल्या बाया म्हणाल्या, मोबाइल हिनंच ढापला. उद्याच्या बैठकीत तिला काढून टाकायचं ठरलं होतं.

बेबीनंदा साळवे पूर्वी पोस्टमास्तर होत्या, आता जालन्यात खासगी तपास करतात. माणसांपेक्षा खोक्यांवर त्यांचा भरवसा जास्त. खोक्याच्या तोंडावर खाकी चिकटपट्टी होती. फरशी वाजू नये म्हणून भोवती कापूस कोंबला होता. त्यांनी तो चिमटीत दाबला, तर आत सरकी लागली.

"ओटीपी कधी दिला?"

"सकाळी अकराला, फोनवर. सुग्रीवभाऊला. पार्सलं त्याच्याच दुकानात उतरतात, सारं गाव असंच करतं. खोका मी पाचला आणला."

"मंग डिलिव्हरीवालाच!" त्यांचे यजमान साहेबराव म्हणाले. त्यांचा निकाल चौकशीच्या आधीच लागतो.

डिलिव्हरीवाला राजानंद हायवेवर भेटला. तो भडकलेलाच होता. "पार्सल देताना फोटो काढावाच लागतो, मॅडम. बघा!" फोटोत सुग्रीवच्या काउंटरवर तोच खोका होता, तोंडावर कंपनीची पांढरी पट्टी. वेळ अकरा वाजून चार मिनिटं.

"खोका तर तोच हाये, त्यात काय?" साहेबराव पुटपुटले.

सुग्रीव किराणा विकतो आणि कापूसही घेतो. दुकानामागे कापसाचा ढीग होता. त्यानं खोका ओळखला. "हीच खाकी पट्टी लावून आल्ता. आला तसा दिला."

दुसऱ्या दिवशी बेबीनंदांनी गटाची बैठक सुग्रीवच्या दुकानातच भरवली.

"कारखान्यातून आलेल्या खोक्यात सरकीचा कापूस कशाला असेल? अदलाबदल गावातच झाली."

"मंग शीतलनंच केली असंल," गटातली तुळजाबाई म्हणाली.

"तिनं घरी नेऊन पट्टी बदलली असती, तर सुग्रीवनं पांढरी पाहिली असती. तो म्हणतो, खाकीच आली. फोटोत अकराला पांढरी आहे. मंग हा खोटं का बोलतो? तुझ्या काउंटरवर रोज फोटो निघतात, सुग्रीव. त्यात काय येतं ते तू कधी पाहिलं न्हाईस."

बायांनी दुकान धुंडाळलं, तर गल्ल्याखालून मोबाइल निघाला.

"पोलिसात गेलात," सुग्रीव गुरकावला, "तर एकाही बाईचं पार्सल इथं उतरू देणार न्हाई!"

"नको उतरू देऊ," शीतल म्हणाली आणि सगळ्या बायांना घेऊन थेट ठाण्यात गेली.

पुढच्या मंगळवारी राजानंदची गाडी आली, तेव्हा त्या साऱ्या रस्त्यावर उभ्या होत्या. पापडांचं वजन करायचा काटा आला होता. शीतलनं आधी खोका उघडायला लावला, काटा चालू करून पाहिला, तुळजाबाईला दाखवला.

मग तिनं ओटीपी सांगितला, पार दुकानापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.