अर्ध्या फरशीची खोली

आठ घरांनी नाही म्हटलं होतं. नववं घर तेजराम लांजेवारांचं.

डिसेंबरातला अवकाळी पाऊस. सानगडीत कापलेलं धान बांध्यांमध्ये आडवं पडून भिजत होतं, आणि तेजरामांची सून गुंजन अंगणात रचलेल्या पोत्यांवर एकटीच ताडपत्री ओढत होती. फाटकाशी कुणीतरी खोकलं. उंच, सावळा, पाठीवर भलीमोठी पिशवी, चष्म्यावर थेंब.

"नमस्कार ताई. इथे भाड्याने खोली मिळेल काय?"

पुस्तकातली मराठी. गुंजनने ताडपत्रीचं एक टोक त्याच्याकडे फेकलं.

"धरा आधी. मंग बोला."

त्याने धरलं. पहिली भेट ती एवढीच... मधे निळी ताडपत्री, आणि तिच्यावरून ओघळून दोघांच्याही बाह्यांत शिरणारं गार पाणी.

नुवन हेरात. श्रीलंकेतला, अनुराधापूरचा. नागपुरात गावतलावांवर पीएच.डी. करत होता, मराठीही तिथेच शिकला. आता सहा महिने सानगडीच्या तलावाकाठी राहून पाणी मोजायचं होतं. पण परदेशी माणूस घरी ठेवला की चोवीस तासांत पोलिसांच्या साइटवर नोंद करावी लागते, हे कळलं की लोक त्याला चहा पाजत आणि दाराकडे बघत.

"तलावासाठी आला ना?" तेजराम म्हणाले. "आमच्याच पुरख्यायनं बांधला तो. राहू दे वरच्या खोलीत. नोंद गुंजन करन मोबाइलवर."

"वरची?" त्यांची बायको निर्मलाबाई जागची हलली नाही. "प्रविणची?"

पत्र्यावर पाऊस वाजत राहिला.

"मंग माह्या अटी हायेत," ती म्हणाली.

*

अट पहिली

"सून चहा घेऊन आली का दार उघडं ठेवाचं. अन् चहा पायरीवरच घ्याचा."

पाळली. शेवटपर्यंत पाळली. म्हणूनच तर सगळं पायरीवर घडलं.

अट दुसरी

"फरशी पुरी कराची नाई."

हे त्याला वर गेल्यावर कळलं. खोलीत भिंतीपासून मध्यापर्यंत पांढरी चकचकीत फरशी, आणि तिथून पुढे खरबरीत सिमेंट. सुरीने कापल्यासारखी रेघ. प्रविण निर्मलाबाईंचा मुलगा, गुंजनचा नवरा. जुनं घर पाडून त्याने हे घर बांधलं होतं. वरची खोली त्या दोघांसाठी. अर्धी फरशी बसवून झाली आणि उरलेली आणायला तो साकोलीला गेला. परतताना हायवेवर ट्रकखाली आला. फरशीची खोकी मात्र शाबूत घरी आली. दोन वर्षं जिन्याखाली पडून होती, दोरीसकट.

चार दिवसांनी गुंजन चहा घेऊन गेली, तर त्याचं अंथरूण सिमेंटावर.

"तिकडं काहून झोपता? टोचत नाई?"

"टोचतं."

"मंग?"

"ती बाजू कोणाची तरी आहे." त्याने चष्मा पुसला. "न विचारता कसं झोपू?"

गुंजन कप ठेवून भरभर खाली उतरली. स्वयंपाकघरात भाताची पेज उतू जात होती, ती तिला दिसलीच नाही.

अट तिसरी

"सुनेले ताई म्हणाचं."

ही मोडली. मोडली ती गुंजननेच, जानेवारीत.

"ताई नोका म्हणू मले."

"मग काय म्हणू?"

"काहीच नोका म्हणू."

तो आज्ञाधारक. त्या दिवसापासून त्याचं प्रत्येक वाक्य एका रिकाम्या जागेने सुरू व्हायला लागलं. "— पाणी तापलं काय?" "— आज तलाव चार बोटं उतरला." "— तुमच्याकडच्या मिरचीने मी एक दिवस मरणार." "मरा, पण चोवीस तासांत मले नोंद करा लागन." तो हसायचा. तीही हसायची, पण पदर तोंडाशी धरून. दोन वर्षं या घरात ती अशीच वावरत होती. भांडं वाजू नये. हसू ऐकू जाऊ नये. लग्नाच्या हळदीला तिला कुणी बोलवत नव्हतं, आणि न बोलवण्याचं कारणही कुणी सांगत नव्हतं. खरी भाडेकरू आपणच, असं तिला वाटायचं.

आता दिवसभर ती त्या रिकाम्या जागेची वाट बघायची. आवाज न होणारं एक हाकारणं... ते तिला चुलीपाशीसुद्धा ऐकू यायचं.

ऐकू निर्मलाबाईंनाही आलं.

"तो तुले आता कायीच म्हणत नाई."

"नाई म्हणत."

"हं."

*

जी अट कुणी घातलीच नव्हती

मे संपला. तलावाच्या कडेची माती भेगाळली. नुवनचं काम पुरं व्हायला अजून एक पावसाळा हवा होता, आणि व्हिसा दहा जूनला संपत होता. मुदत वाढवायची तर पत्त्याचा पुरावा हवा: घरमालकाच्या सहीचं पत्र, आणि ग्रामपंचायतीचा नमुना आठ, म्हणजे घर कुणाच्या नावावर आहे तो उतारा.

तेजराम उतारा घेऊन आले. जवळ चष्मा नव्हता म्हणून निर्मलाबाईंनी उतारा गुंजनकडे दिला.

"वाच."

गुंजनने वाचलं. पुन्हा वाचलं.

"मालक... गुंजन प्रविण लांजेवार."

चूल धुमसत होती. निर्मलाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं.

"प्रविणची तेरवी झाल्यावर तुमी माही सही घेतली. मले वाटलं, इम्याचा कागद."

"घर प्रविणच्या नावावर होतं," तेजराम जमिनीकडे बघत म्हणाले. "त्यानं बांधलं. त्याच्या मांगं तिचं."

"मंग मी कोणाच्या घरात राहून राहिली?"

"सुनेच्या. ते बी तर आपल्याच घरात राहिली ना इतके दिवस."

निर्मलाबाई उठून गेली. संध्याकाळी भाकरी थापताना ती गुंजनला म्हणाली, तव्याकडेच बघत, "सही तुह्या हातात हाय. कर. तो राहिला का गाव बोलन. बोलू दे, मी कान झाकीन. पण उद्या तू त्याच्या संगं गेली... तर या घरात आमाले आवाज देणारं कोण हाय?"

गुंजनने चुलीत लाकूड सारलं. भाकरी करपली. दोघींनी तीच खाल्ली.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी. पायरी. कागद, पेन, चहा.

"— इथे सही. खाली तारीख."

"नाई करत."

त्याला वाटलं, ती चेष्टा करतेय. तो हसला. ती हसली नाही.

"...काहून?" तिचाच शब्द त्याने उचलला.

"सही केली तर काय होईन? तुमी वर, मी खाली. दार उघडं. चहा पायरीवर. सा महिन्यानं अजून एक कागद. मी जलमभर अशा सह्याच करत राहू?" तिने चहाचा कप बाजूला सारला. "हे घर माह्यं हाय. कालच समजलं. अन् माह्या घरात मले तुमी भाडेकरू म्हणून नाई पाहिजे."

खाली रस्त्याने ट्रॅक्टर गेला.

"गुंजन," तो म्हणाला.

सहा महिन्यांत पहिल्यांदा. त्या रिकाम्या जागेत नाव इतकं अलगद बसलं की तिला डोळे मिटावे लागले.

"सही नाही झाली तर दहा तारखेला मला जावं लागेल. दुसरं घर मला कोण देणार? परत यायला वर्ष लागेल. कदाचित जास्त. कदाचित येऊच देणार नाहीत."

"माहीत हाय."

"तरी?"

"तरी." तिने कागदाची घडी करून त्याच्या हातात ठेवली. बोटं क्षणभर तिथेच राहिली. "अन् जाच्या आधी इचाराचं असन तर त्यायले इचारा. प्रविणच्या आईले. मी चोरून नाई येणार कुठं."

*

निर्मलाबाई अंगणात बियाण्याचं धान पाखडत होती. नुवन तिच्यासमोर उकिडवा बसला. घाम निथळत होता. नागपुरातल्या शिक्षकांनी या वाक्याचा सराव करून घेतला नव्हता.

"आई, मला... गुंजनशी लग्न करायचं आहे. तुमची परवानगी असेल तर."

सूप वर गेलं, खाली आलं. कोंडा उडाला.

"तुह्या देशात धान होते?"

"होतं."

"तलाव?"

"आमच्या गावात तीन आहेत."

"मंग तठीच काहून नाई राहिला तू?"

त्याने पायाशी पडलेला एक दाणा उचलून सुपात टाकला.

"माह्या पोराची खोली मांगली, देल्ली. आता हे बी मांगतो." तिने सूप आपटलं. "उठ. बियाण्यावर सावली पडून राहिली तुही."

तो उठला.

*

नऊ जून. निर्मलाबाई बाहेर आली नाही. तेजरामांनी त्याची पिशवी सायकलला बांधली आणि ते पुढे निघाले. मागे गुंजन, त्याच्या शेजारून, उघड्या रस्त्याने. पानठेल्यावरची माणसं बोलायची थांबली. हापशीवरच्या बाया थांबल्या. गुंजनने पदर सावरला, पण वाट बदलली नाही.

साकोलीची बस आली. तो चढला. खिडकीशी बसला. बस सुटली आणि धूळ बराच वेळ खाली बसली नाही.

घरी आली तेव्हा निर्मलाबाई अंगणातच होती. डोळे सुजलेले. पुढ्यात तेच बियाणं.

"गेला?"

"गेला."

सूप हलत राहिलं. मग थांबलं.

"कधी येतो म्हणे?"

गुंजनला वाटलं, आपण काही भलतंच ऐकलं. "...नाई इचारलं."

"काहून नाई इचारलं?" निर्मलाबाईंचा आवाज चढला, नजर मात्र सुपातच. "इतकं शिकली, अन् हे नाई इचारता येत? मी काय मरेपर्यंत अशीच बसू, कोण कधी येते, कोण कधी जाते पाहात? अन् त्याले सांग... येऊन इथंच राहाचं. तुले नेणार असन तर येऊच नोको म्हणा."

बस अजून साकोलीला पोचली नसेल. गुंजनने फोन लावला. दोनदा लागला नाही. तिसऱ्यांदा घंटी वाजली, उचलला गेला. मागे इंजिनाची घरघर, कंडक्टरची आरोळी.

"नुवन," ती म्हणाली. मोठ्याने, अंगणात, भर उन्हात. शेजारच्या भिंतीवरून दोन डोकी वर आली.

"आई इचारून राहिली... कधी येता?"