काचेतले अंगठे

दोष शालिग्राम सरांचा होता. वयाचा मान वगैरे ठेवून सांगायचं तर गोष्टच सांगता येणार नाही.

मलकापूरचं कॉलेज, माझं शेवटचं वर्ष. प्रोजेक्ट असा: काचेवर झिंक ऑक्साइडचा पातळ, आरपार दिसणारा थर. लेसरनं तो क्षणभर तापवला की त्यातून वीज सहज वाहते, काचही नितळ होते. रेषेमागून रेष, चार-पाच तास. मधे लॅबचं दार उघडलं तर धूळ बसते, म्हणून सर बाहेरून कुलूप लावायचे. त्या दिवशीही बारा वाजता, "सेफ्टीसाठी असते बे, अश्वजित," म्हणाले आणि किल्ली खिशात टाकून जेवायला गेले.

बाहेर भर ऊन, आत खिडक्यांना काळा कागद. पंखा बंद. तापल्या काचेचा वास आणि लेसरची टिकटिक...

तासाभरानं काचेवर अंगठ्याचा ठसा दिसला. मी तर हातमोजे घातलेले. स्पिरिटनं पुसला. गेला नाही. तो थराच्या खाली होता. पुढच्या रेषेनंतर आणखी एक. मी लेसर बंद केला, तरी ठसे उमटतच राहिले, दाराकडच्या कडेकडे सरकत. काचेच्या आत कोणीतरी वाट चाचपत होतं.

मी दार बडवलं. बाहेर शिपाई कय्यूमचाचा.

"चाचा, उघडा न!"

"चाबी सरजवळ हाय, बाबू."

"कुलूप तोडा... अंदर कोनीतरी हाय."

"अन् मंग सर मले काढतीन, त्याचं काय? एवढा मोठा इंजिनेर, काऊन भेऊन राह्यला?"

हसले. चपला वाजवत चहाला गेले.

काच फोडायचीच ठरवलं. घामानं ओला हातमोजा ओढून काढला, काच उचलली. अंगठा नेमका शेवटच्या ठशावर पडला. काच मऊ लागली... आणि खालून कोणीतरी तेवढ्याच जोरानं दाबलं. घड्याळात दोन दहा झाले होते.

सर पाचला आले. मी कोपऱ्यात बसून होतो. त्यांनी आधी काचेवरच्या थरातून वीज किती वाहते ते मोजलं. "वा! अशी फिल्म आजवर झाली नव्हती." काचेवर एकही ठसा नव्हता. माझ्या अंगठ्यावरही नव्हता. गुळगुळीत.

मी प्राचार्यांकडे तक्रार केली. सरांनी अंगठ्याच्या हजेरीचं मशीन दाखवलं. माझा अंगठा, बाहेर पडल्याची वेळ दोन दहा. "पोरगा तर अंदर नव्हताच," सर म्हणाले. कय्यूमचाचांनी होकारार्थी मान हलवली.

मी कॉलेज सोडून दीड वर्ष झालं. माझ्या दोन वर्षं मागची अपेक्षा अजून तिथंच शिकते. ती सांगते, रोज सकाळी सगळ्यांत आधी माझी हजेरी लागलेली असते.

मी मात्र तेव्हा शेवटच्या परीक्षेला गेलो, तर दारातल्या मशीनवर माझा अंगठा जुळला नाही. बसू दिलं नाही. डिग्री गेली.