ओल्या चुन्याचे दगड

बसा. सर्व्हिस मोटार यायला अजून अवकाश आहे. कंदील इथेच राहू द्या, तोवर सांगतो.

सहा वर्षांपूर्वी, त्रेचाळीस साली, जतच्या रस्त्यावर एक मोरी खचली होती आणि तिच्या दुरुस्तीवर मी मुकादम होतो. अर्धा रस्ता खणलेला, उरलेल्या अर्ध्यावरून गाड्या जायच्या. खड्ड्याच्या कडेने चुना फासलेले दगड मांडायचे आणि दिवेलागणीला लाल कंदील टांगायचा, हे माझं रोजचं काम. पण लढाईमुळे रॉकेल मिळेना. मग सगळी भिस्त दगडांवर.

ते दगड आकाराम नावाचा म्हातारा रंगवायचा. कुंचा त्याला चालायचा नाही. हातानेच चुना फासायचा आणि शेवटी वर पंजा टेकवायचा. त्या पंजाला करंगळी नव्हती, सुरुंगात गेली होती. श्रावणात आकाराम तापाने वारला. पुढे चुना मीच लावू लागलो, कुंच्याने.

एका संध्याकाळी दगड मांडून वळलो, तर चालू रस्त्याच्या मधोमध आणखी एक दगड. वारा असा सुटला होता की उभं राहवत नव्हतं. हात लावला. चुना ओला... वर पंजा, करंगळी नसलेला.

माझं डोकं फिरलं. गावातल्या टवाळांचं काम, दुसरं काय? टाच आपटून पाहिली, जमीन घट्ट होती. दगड ठेवला तर रस्ता बंद आणि साहेबाची बोलणी मला. उचलला आणि लांब फेकून दिला.

तेवढ्यात चांदसाहेब नावाचा व्यापारी घोंगड्यांची बैलगाडी घेऊन आला.

"मुकादम, रस्ता बरा हाय नव्हं?"

"जावा बिनघोर," मी म्हणालो.

गाडी त्याच जागेवर आली आणि रस्ता खाली बसला. आतून पाण्याने पोखरला होता. चांदसाहेबाला बाहेर काढलं तेव्हा त्याच्यात जीव नव्हता. दगडाचं मी कुणाला सांगितलं नाही. भीती वाटली, आणि लाजही.

तेव्हा मी, बायको राहीबाई आणि चार वर्षांची बनू कामावरच्या झोपडीत राहायचो. बनू माझ्या कुशीत झोपायची. तिसऱ्या दिवशी पहाटे राहीने मला हलवलं.

"आवं... ह्यो दगड आत कुणी आणला?"

बनूच्या पायाशी पांढरा दगड होता. पोरीवर काहीतरी येणार, एवढंच मनात आलं. तसंच बिऱ्हाड गावात हलवलं. दुसऱ्या सकाळी तिथे तीन दगड. मग काम सोडून उंब्रजला सासुरवाडी गाठली. तिथे ओसरीवर सात.

शेवटी बनूला आईजवळ माजघरात निजवलं आणि मी राखणीला ओसरीवर आडवा झालो. उजाडताच आत धावलो. बनू गाढ झोपलेली, आसपास एकही दगड नाही. मला रडू फुटलं. राही मात्र दारात उभी राहून बाहेर बघत होती.

माझ्या वाकळेभोवती दगडांचं कडं होतं. पंजे बाहेरच्या बाजूला, येणाऱ्याला दिसावेत असे.

"तुमी... तिच्याजवळ येऊ नगासा," ती म्हणाली.

खूण पोरीला नव्हतीच. धोका मी होतो.

त्याच दिवशी निघालो तो इथे म्हसवडला आलो. सहा वर्षं एकटा राहतो. रोज सकाळी ते कडं असतं, रोज मी उठून ते ओलांडतो. त्याची आता सवय झाली. बनू जवळ नसण्याची होत नाही. पोर डोळ्यांपुढून हलत नाही.

काल राहीचा निरोप आला. पोरगी बापाला बघायचं म्हणून हटून बसली आहे, आजच्या मोटारीने मामाबरोबर पाठवते. मी रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर होतो. पहाटे कधीतरी डोळा लागला.

सकाळी पाहिलं तर कडं नव्हतं. जमिनीवर चुन्याचे डाग होते, दगड कुणीतरी उचलून नेले होते.

भोंगा ऐकलात? मोटार वळणावर आली. तुम्ही पुढे व्हा... तिला तिथूनच परत पाठवा. मी येत नाही. आणि कंदील जरा वर धरा, माझे हात बघा. सकाळपासून चार वेळा धुतले. चुना अजून ओलाच आहे.