लाडू घोडीचे पाय

झिलूचं पत्र गुरुदासमास्तरांच्या शब्दकोशात अकरा दिवस पडून होतं. ‘मास्तर, मालक म्हणतात, मी लाडूला काठीनं मारतो. येत्या अमावास्येला मला कामावरनं काढणार. तुमचा तरी माझ्यावर भरवसा हाय का? एवढंच कळवा.’

मास्तरांनी चारदा पेन उचललं, चारदा खाली ठेवलं. तीस वर्षांपूर्वी शिकवलेल्या मुलाबद्दल आपण छातीठोकपणे काय सांगणार? अमावास्येच्या आदल्या दिवशी मात्र त्यांनी ते पत्र भाचीपुढं सरकवलं. सुमंगला रामनगरात खाजगी तपासनीस होती. जनावरांच्या विम्याचे खोटे दावे पकडण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं.

“अकरा दिवस, मामा?” एवढंच ती बोलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या आत दोघं झिलूच्या मालकाकडे गुंदला हजर.

“हे बघा!” मालक शंकर तणतणत होता. “मागचे दोन्ही पाय सुजल्यात. पंधरा दिवस झाले, रोज सकाळी हे असंच. डॉक्टर जोयड्याहून येईस्तोवर उतरतंय. उळवीच्या जत्रेत मिरवायची घोडी ही! काठीच हाय, दुसरं काय?”

सुमंगला उकिडवी बसली. दोन्ही पाय सारखेच सुजलेले. ना गरम, ना जखम. बोटानं दाबलं तर खळगा तसाच राहिला. लाडूनं पाय झटकलासुद्धा नाही.

“झिलू, ओढ्यापर्यंत फिरवून आणा.”

घोडी न लंगडता गेली. परतली तेव्हा सूज निम्म्यावर आली होती. तोवर सुमंगलानं ठाण पाहून घेतलं. खाली अंथरलेलं गवत ताठ, न चुरगळलेलं. दाव्यावर, गळ्यापासून हातभर अंतरावर, पिवळट डाग.

शेजारच्या नागराजच्या भातात लाडू शिरली होती; तो राग त्यानं काढला असेल का, म्हणून त्याला बोलावलं.

“शिव्या दिल्या, व्हय. पण मालकाला! घोडीला शिव्या कळत्यात काय?”

झिलू मान खाली घालून म्हणाला, “ताई, मी सांजच्याला दावं लांब सोडून घरी जातो. लाडू निजत्ये रात्री. फकस्त गेल्या शुक्रवारी सूज न्हवती.”

“बघा! त्या दिवशी हात आवरला असंल!” शंकर म्हणाला. मास्तरांना क्षणभर ते पटलंही, आणि स्वतःची लाज वाटली.

शंकरची आई बायजा चहा घेऊन आली. अनवाणी, पावलं हळदीच्या लेपानं पिवळी.

“वहाण चढत न्हाई गं, पाय भरल्यात. वय झालं. तू रामनगरची व्हय? गुरुवारी तिथंच मुक्काम होता माझा, लेकीकडं.”

सुमंगलानं कप खाली ठेवला.

“आजी, पाय दाखवा.” तिनं बोट दाबलं. खळगा राहिला. “शंकरराव, हेही झिलूनंच मारलंय का?”



“काठीची सूज एका जागी असते, गरम असते, दुखते. चाललं की ओसरते ती रात्रभर जागेवर उभं राहिल्याची. झिलू म्हणतो, घोडी निजते; गवत म्हणतं, निजत नाही. म्हणजे तो गेल्यावर कोणीतरी तिला बसता येऊ नये इतकं दावं आखडतं आणि तो यायच्या आत सैल करतं. दाव्यावर हळद आहे. हळद आजींच्या पायांना, म्हणजे हातांनाही. आणि आजी गुरुवारी इथं नव्हत्या, म्हणून शुक्रवारी सूज नव्हती.”

“आई?” शंकर आईकडं वळला.

बायजाची हनुवटी ताठ झाली. “तू तापात पडलास तवा देवाला बोलले. जत्रेपातूर मी न् देवाची घोडी, दोघीबी पाठ टेकणार न्हाई. मी खुर्चीवर बसून रात काढते. नवस मोडू काय?”

“नवस तुमचा, आजी. लाडू काही देवाला बोललेली नाही.”

बायजानं लाडूकडं पाहिलं. मग उठली आणि स्वतःच्या हातानं दाव्याची गाठ सोडून झिलूच्या हातात दिली. “चुकले रे, लेका. सांगायला पायजे हुतं मी.”

“दावं लांब ठेवा. सकाळ-संध्याकाळ फिरवा,” सुमंगला म्हणाली. “एकच पाय सुजला, गरम लागला किंवा लंगडली, तर लगेच डॉक्टर. आणि आजींना डॉक्टर आजच.”

शंकरनं झिलूपुढं हात जोडले. मास्तर मात्र झिलूची नजर चुकवून निघाले.

रामनगरला उतरल्यावर मास्तरांनी पोस्टकार्ड घेतलं. पुरावा मिळाल्यावर ठेवलेल्या भरवशाला काय किंमत? पेन पुन्हा थबकलं. मग त्यांनी लिहिलं, ‘झिलू, हे बारा दिवसांपूर्वी लिहायचं होतं. चुकलो. भरवसा हाय.’

आणि वाचून बघायच्या आत कार्ड टपालपेटीत टाकलं.