विश्रामकाकांच्या घरातून गेलेली वायर

"गेलं! परत गेलं!" बाळ धडाधडा जिना उतरत ओरडला. "सुमेधा, माझा रणगाडा पडद्यावरच गोठला!"

१९९७च्या मे महिन्याची सुट्टी. माजिवड्याच्या त्या सोसायटीत तीन घरांचे कॉम्प्युटर एकाच काळ्या वायरीने जोडलेले. आधी सुमेधाचा, मध्ये शेजारच्या विश्रामकाकांचा आणि शेवटी वरच्या मजल्यावर बाळचा. मुलांना हब हवा होता. म्हणजे प्रत्येक घरातून वेगळी वायर आणून एका डब्यात जोडायची. "नुसती उधळपट्टी!" काकांनी फर्मावलं. काका पडले इंजिनियर, त्यांच्यापुढे कोण बोलणार?

आणि आता रोज दुपारी दोघांचा वायरीवरून चाललेला खेळ बंद पडत होता. रोज दुपारीच खाडीकडच्या कोळीवाड्यातून त्यांची वर्गमैत्रीण जनीही सुमेधाकडे खेळायला यायची.

"जनीच काहीतरी ओढते!" सुमेधा फटकन म्हणाली. "आणि ते मासळीचे हात कीबोर्डला लावत जाऊ नकोस गं!"

बाळ खाली बघत राहिला. जनीने हात मागे घेतले. "मी कायपण केलेलं नाय," एवढंच म्हणून ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी जनी आली नाही. खेळ मात्र बंद पडलाच!

सुमेधा ताडकन उठली. "बाळ, चल! वायर कुठे कुठे जाते ते बघू!"

काकांचं दार उघडंच होतं. काका टेबलामागे वाकून कॉम्प्युटरची वायर पिरगाळून काढत होते!

"काका! हे काय करताय?"

"काम संपलं, काढली वायर. वीज कडाडली तर? टीव्हीची अँटेना नाही का काढून ठेवत? संध्याकाळी लावतो की परत!"

"अहो, आमचंही सगळं ह्याच वायरीतून जातं!" बाळ उसळला. "मध्येच तोडली की सगळेच मेले! हब असता तर तुमचा एकट्याचाच बंद पडला असता!"

"हात्तिच्या!" काका ओशाळले. संध्याकाळी सगळ्यांसमोर म्हणाले, "चुकलं माझं. उद्याच हब आणू. शाबास सुमेधा! पोरीने चोर पकडला!"

मोठ्यांनी टाळ्या वाजवल्या. सुमेधाचे कान तापले.

"शाबासकी नको मला," ती म्हणाली. "मी जनीला चोर ठरवलं होतं. सगळ्यांत आधी. काही न बघता!"

टाळ्या थांबल्या. ती तडक कोळीवाड्यात गेली. जनी अंगणात वाळलेली सुकट गोळा करत होती.

"जनी, वायर काका काढायचे. मी चुकले गं. हातांवरून बोलले, ते तर फारच वाईट बोलले."

जनीने मान वर केली. "वायरीचं कळलं म्हणून आलीस. नसतं कळलं तर?"

सुमेधा तिच्या शेजारी बसली आणि सुकट गोळा करू लागली.