झिजलेली बाजू

"हे माझे चमचे नाहीत," लव्हिनिया थॉर्नबेरी म्हणाली. "आणि हे मी आणखी एकदा मोठ्याने बोलले, तर सोमवारी डॉक्टर येऊन मला वेडी ठरवणार आहे."

विनी ओक्सने खुर्ची पुढे ओढली. तिचा दीर थॅड दारातच टोपी हातात धरून उभा राहिला. विनीचा नवरा गेल्यापासून तिच्या चौकशीच्या कामांना गाडी चालवायला तोच येई. निम्मी केंटकी पालथी घातली होती दोघांनी, पण प्रत्येक वेळी गुन्हेगार म्हणून थॅड भलत्याच माणसाकडे बोट दाखवायचा. आताही त्याने मनातल्या मनात लव्हिनियाच्या भाच्याला बेड्या ठोकून टाकल्या होत्या.

लव्हिनियाची नजर जाऊन दोन वर्षं झाली होती. तरी कॉफी तिनेच ओतली. डाव्या हाताने किटली, उजव्या हाताचं बोट कपाच्या काठावर. एक थेंब सांडला नाही.

"तुमच्या आईनेच शिकवलं असणार," विनी म्हणाली.

"आईने आणि आजीने. शाळेत तिघींच्याही हातावर पट्ट्या बसल्या, पण हात काही बदलला नाही."

चमचे तीन. लव्हिनियाच्या चांदीकाम करणाऱ्या खापरपणजोबांनी नाण्यांची चांदी वितळवून मुलीच्या लग्नात घडवलेले. तेव्हापासून आईकडून लेकीकडे. घरात चांदीची कपाटं भरलेली होती, लव्हिनियाने जन्मभर गोळा केलेली, पण ती सगळी नुसती बघण्यापुरती. हे तीन मात्र रोजच्या वापरातले.

"शुक्रवारी दुपारी खणात हात घातला, तर अक्षरं लागेनात. चमचा उलटा करून घ्यावा लागला. लागली तेव्हा बोटाला टोचली. मग सुपाचा एक घोट घेतला आणि ओठानेच सांगितलं, हा परका आहे. बाकीच्या दोघांना कुणाला हात लावू दिला नाही मी."

विनीने खण उघडला. दोन चमचे शेजारी शेजारी पालथे पडले होते. तिने एक उचलला. दांडीवर त्या पहिल्या लेकीच्या नावाची अक्षरं, मागे खापरपणजोबांचा ठसा. टोक डाव्या अंगाने झिजून तिरकं झालेलं.

"ठसा तर त्यांचाच आहे," थॅड पुटपुटला.

"त्यांनी काय जन्मात तीनच चमचे केले होते?" विनी म्हणाली.

भाचा रॉइस ओसरीत भेटला. गोरापान, घामेजलेला, डोळ्यांखाली काळी वर्तुळं.

"आत्याचा जीव आहे माझ्यावर. माझाही तिच्यावर आहे. पण ती चुलीपाशी वावरते हो, दिसत नसताना! गुरुवारी संध्याकाळी औषधं द्यायला आलो तेव्हा छान होती. शुक्रवारी म्हणे चमचे बदलले. सारखाच ठसा, सारखीच अक्षरं! मिस इमोजीनसुद्धा महिनाभर मला सांगतायत, आत्या घोळ घालायला लागलीय म्हणून. त्या तर तिची सख्खी मैत्रीण."

"महिनाभर?" विनीने विचारलं.

"ईस्टर झाल्या झाल्या फोन केला होता त्यांनी."

स्वयंपाकघरात डॉर्कस मक्याचा पाव भट्टीतून काढत होती. पंधरा वर्षं याच घरात.

"घ्या, संशय घ्या माझ्यावर," ती पाव ताटलीत आपटत म्हणाली. "कामाच्या बाईवरच घेतात. गुरुवारी दुपारी मीच धुऊन ठेवले. उताणे. मिस लव्हिनियांचा अंगठा अक्षरांवर पडला पाहिजे ना. मी त्यांना चुकवीन होय?"

थॅडने पावाचा तुकडा तोंडात टाकला आणि डॉर्कसला तिथल्या तिथे निर्दोष ठरवलं.

इमोजीन सॅटरफील्ड दोन गल्ल्या पलीकडे राहायची. लव्हिनियाच्या जोडीने चाळीस वर्षं जुन्या बाजारांतून चांदी हुडकलेली बाई. दर गुरुवारी संध्याकाळी येऊन मैत्रिणीला वर्तमानपत्र वाचून दाखवायची. तिचे डोळे लगेच भरून आले.

"बिचारी लव्ही. तिला एवढं म्हणू द्या ना, चमचे बदलले म्हणून. मी तर ईस्टरपासून तो खण उघडलेलासुद्धा नाही."

परतताना थॅड म्हणाला, "भाचाच. घर हवंय त्याला."

"घर हवं असेल तर चमच्यांचा उपद्व्याप कशाला?" विनी म्हणाली. "घरून आपले जुने चमचे आण. आणि दाढी कर. उद्या जेवायला जायचंय."

रविवारी लव्हिनियाच्या टेबलावर घेवड्याचं सूप वाढलं गेलं. प्रत्येक वाडग्यापाशी विनीने आपल्या घरचा एकेक चमचा ठेवला होता. रॉइसने न बघताच खायला सुरुवात केली. डॉर्कसने आपला चमचा आधी रुमालाने पुसला. इमोजीनने उचलला, उलटा केला, ठसा वाचला आणि पालथा ठेवला.

"बॉस्टनकडचा दिसतो," ती म्हणाली.

"असेल," विनी म्हणाली. "थॅड, वाडगा खरवड बरं जरा."

"संपलं नाही अजून."

"मग संपव आणि खरवड. कुठली कड घासते?"

थॅडने जीभ बाहेर काढून, मन लावून खरवडलं. "डावी."

"उजव्या हाताने खाणाऱ्याचा चमचा डावीकडून झिजतो. खणातले असेच झिजलेत. पण या घरचे चमचे पिढ्यानपिढ्या डावखुऱ्या बायकांनी वापरलेत. ते उजवीकडून झिजायला हवेत. म्हणजे मिस लव्हिनिया खरं सांगत होत्या. त्याच कारागिराचे दुसरे चमचे आणून त्यांवर अक्षरं नव्याने कोरून घेतली, म्हणून ती टोचतात. असे तीन चमचे हुडकणं येरागबाळ्याचं काम नाही."

रॉइसचा चमचा हवेतच थांबला.

"डॉर्कस उताणे ठेवते. दृष्टी गेल्यापासून मिस लव्हिनियाही अक्षरं चाचपतात, ठसा नाही. खणात मात्र चमचे पालथे होते. वस्तू हाती आली की आधी पाठ बघायची आणि तशीच ठेवायची, ही गोळा करणाऱ्यांची सवय. आत्ताच टेबलावर दिसली."

इमोजीन हसली. "सवयीवरून चोर ठरवता?"

"चमचे तुम्हीच पालथे ठेवलेत, तरी खण ईस्टरपासून उघडला नाही म्हणालात, म्हणून. आणि चमचे बदलायच्या महिनाभर आधीच आत्या घोळ घालते असं रॉइसला सांगितलंत, म्हणून. जी तक्रार व्हायची होती, ती कुणाला खरी वाटू नये याची तजवीज होती ती."

लव्हिनियाने टेबलावरून हात सरकवत नेला आणि इमोजीनच्या मनगटावर ठेवला.

"कुठे आहेत गं?"

"कपाटात. निळ्या फ्लॅनेलच्या कापडात." मग इमोजीनचा आवाज एकदम चढला. "तू त्या चमच्यांनी भांडी खरवडतेस, लव्ही! रोज थोडे थोडे झिजवतेस! असे चमचे पुन्हा व्हायचे नाहीत. मी जपले असते."

"आणि मला वेड्यांत काढलंस, ते काय जपायला?"

इमोजीनने मनगट सोडवून घेतलं.

"चाळीस वर्षं माझ्या घरी जेवलीस," लव्हिनिया म्हणाली. "दर वेळी म्हणायचीस, मला साधा चमचा दे, हे फार मोलाचे आहेत. एकदा जरी त्या चमच्यांनी खाल्लं असतंस, तरी कळलं असतं कुठली बाजू झिजलीय. तू पाठच बघत राहिलीस."

थॅडच इमोजीनला गाडीतून घरी घेऊन गेला. वाटेत त्याने रेडिओ लावला आणि लगेच बंद केला. निळं फ्लॅनेल घेऊन तो परतला, तेव्हा रॉइस ओसरीत डॉक्टरांना फोन करून येऊ नका म्हणून सांगत होता. आवाज रडवेला होता.

लव्हिनियाने फ्लॅनेलमधल्या तिन्ही चमच्यांवरून अंगठा फिरवला आणि होकारार्थी मान हलवली.

"खणातले तिचे तिला पोहोचते करा," ती थॅडला म्हणाली. "चांगले आहेत. फक्त माझे नाहीत."

"गुरुवारी पेपर कोण वाचणार आता?" डॉर्कसच्या तोंडून निघून गेलं आणि तिने जीभ चावली.

लव्हिनियाने सुपाचं पातेलं मागवलं, डाव्या हातात आपला चमचा धरला आणि तळ खरवडायला लागली. थॅडला वाटलं, भूक असेल. मग त्याने वाकून पाहिलं. पातेलं कधीच लख्ख झालं होतं. तरी ती खरवडत होती.