आजोबांच्या खिडकीखालचा ओलावा

"खिडकीतून पाणी येतंय, एवढंच ना?" भाऊजी म्हणाले. "मग गुप्तहेर कशाला? गवंडी बोलवा."

ठेकेदारबाईंनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या वहिनींशीच बोलत राहिल्या. खाजगी तपासाचं काम वहिनींचं. भाऊजी त्यांचे धाकटे दीर. गाडी चालवत, फोटो काढत आणि अधूनमधून असे सल्ले देत.

ठेकेदारबाईंचा धंदा नवा होता. ज्याच्या त्याच्या पसंतीनं घरं बांधून देणाऱ्या बिल्डरांना त्या सांगत: भिंती तुम्ही उभ्या करा, बाहेरचं सगळं काम आमच्याकडे. रंग, खिडक्या, छपराच्या पन्हळी. दहा जणांच्या मागे धावू नका, बोलायला एकच माणूस. एका मोठ्या बिल्डरनं पहिलं घर देऊन पाहिलं होतं. ते पसंत पडलं तर पुढची सगळी कॉलनी त्यांची.

"आणि त्याच घरातल्या आजोबांच्या खोलीची भिंत ओली झालीय," बाई म्हणाल्या. "बिल्डर दुपारी येतोय. चूक कुणाची ते सांगता आलं नाही, तर कॉलनी गेली. माझी माणसं एकमेकांकडे बोट दाखवतायत. मला तर वाटतं, कुणीतरी मुद्दाम केलंय."

"मुद्दाम कशावरून?"

"घर ताब्यात दिलं त्याच आठवड्यात धो धो पाऊस झाला. थेंब आत आला नाही. मग उघडीप. त्यानंतरच्या सरीला मात्र भिंत ओली. आणि मधल्या काळात आमचं कुणी तिकडे फिरकलेलं नाही."

वहिनींनी चपला घातल्या.

दार आजोबांनीच उघडलं. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. खिडकीशी त्यांचं टेबल होतं. त्यावर चिमटा, पितळी पिना आणि पोट उघडून ठेवलेलं एक मनगटी घड्याळ. ओल खिडकीच्या खालच्या कडेपासून फरशीपर्यंत उतरली होती. वरची भिंत कोरडी. कट्ट्यावर पांढऱ्या पावडरची रेघ.

"मुंग्या?" वहिनींनी विचारलं.

"रांगच्या रांग यायची. थेट माझ्या चक्रांवरून. आता एक येत नाही."

"पावडर चांगली दिसतेय," भाऊजी म्हणाले.

"पावडरनं कुठल्या जातात त्या," आजोबा म्हणाले आणि भिंग डोळ्याला लावून कामाला लागले.

वरच्या मजल्यावर अगदी तशीच सरकती खिडकी होती. वहिनींनी हात बाहेर काढून चौकटीच्या खालच्या पट्टीवरून बोट फिरवलं. "भाऊजी, फोटो."

भाऊजींना तिथं नखाएवढ्या दोन फटी दिसल्या, त्यांच्याखाली मातकट ओघळ. माल जरा हलका दिसतोय, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं.

जिन्याखाली ठेकेदारबाईंच्या कंपनीचा डबा होता: उरलेला रंग, एक ब्रश आणि सांधे भरायच्या पांढऱ्या सीलंटची नळी. नळीचं नाक कापलेलं, आणि त्यात बारीक पितळी पिन खोचलेली.

कामगार अंगणात थांबले होते. पन्हळवाल्यानं हात वर केले. "पन्हळ गळाली तर पाणी वरून येईल. वर बघा, भिंत खडखडीत."

"माझ्या दोन्ही खिडक्या एका मापाच्या," खिडकीवाला म्हणाला. "वरची गळत नाही, मग खालचीच का? ह्या रंगाऱ्याला विचारा. भोक दिसलं की याचे हात शिवशिवतात."

"भिंतीतलं भरतो मी, तुझ्या खिडकीतलं नाही," रंगारी म्हणाला. "आणि हा अंगठा बघा. सीलंट मी यानं ओढतो. रस्ता होतो त्याचा."

"डब्यातली नळी उघडून ठेवता?"

"छे. बंद देतो. बारीकसारीक डागडुजी घरच्यांना करता यावी म्हणून. उघडली आणि तशीच ठेवली, तर वाळून दगड होते."

बिल्डर आला तेव्हा सगळे आजोबांच्या खोलीत जमले. बसायला खुर्ची एकच होती, तीही आजोबांनी सोडली नाही.

"पाणी वरून आलेलं नाही," वहिनी म्हणाल्या. "म्हणजे पन्हळवाला सुटला. खिडकी आधीच्या पावसात टिकली, म्हणजे बसवण्यात चूक नाही. तिच्यात नंतर काहीतरी बदललं. सरकत्या खिडकीच्या खाचेत पाऊस साचतोच. तो बाहेर पडावा म्हणून चौकटीला दोन फटी असतात. भाऊजींच्या फोटोत त्यांच्याखाली ओघळ आहेत, म्हणजे वरची खिडकी आपलं काम करतेय. खालच्या खिडकीला फटीच नाहीत."

खिडकीवाला वाकून पाहायला गेला. "बुजवल्यात. पण काय सफाईनं!"

"रंगाऱ्याच्या अंगठ्याचं हे काम नाही. हे भिंग लावून, चिमट्यानं केलेलं आहे. नळीच्या तोंडात पितळी पिन होती. तशाच पिना या टेबलावर आहेत. आणि मुंग्या बंद झाल्या, पण पावडरनं नाही. हो ना, आजोबा?"

आजोबांनी भिंग उतरवलं. "मी बुजवल्या. विचारलं असतंत तर सांगितलं असतं." ते ओल्या भिंतीकडे पाहत राहिले. "घड्याळाला फट म्हणजे धूळ. कुणाच्या हयगयीनं राहिल्या असतील, म्हटलं आपणच भराव्यात."

त्यांनीच टोच्यानं त्या मोकळ्या केल्या. भाऊजींनी खाचेत मगभर पाणी ओतलं. सगळं बाहेर गेलं.

"म्हणजे चूक आजोबांची," बिल्डर म्हणाला.

"माझी," ठेकेदारबाई म्हणाल्या. "पूर्वी घर ताब्यात देताना खिडकीवाला स्वतः येऊन फटी दाखवून जायचा. आता सगळ्यांच्या वतीनं मी बोलते. मी नळी दिली, फटी दाखवल्या नाहीत. ही भिंत आम्ही करून देऊ."

बिल्डरनं ओल्या भिंतीवरून हात फिरवला. "माझ्याकडे ठेकेदार वेगवेगळे होते तेव्हा चूक नेहमी तिथं नसलेल्या माणसाची असायची," तो म्हणाला. "आपली म्हणणारं कुणी भेटलं नव्हतं. उद्या कॉलनीचे नकाशे घेऊन जा."

भाऊजींनी खिडकीवाल्याकडे पाहून घसा खाकरला. "माल चांगला आहे हो तुमचा."

सगळे निघाले तेव्हा आजोबांनी हाक मारली. "ठेकेदारबाई, बाहेरचं सगळं काम तुमच्याकडे ना?"

"हो, आजोबा."

मोकळ्या फटीतून आत डोकावणाऱ्या पहिल्या मुंगीकडे त्यांनी चिमटा रोखला.

"मग ही बाहेरूनच आलीय."